दोन विसा सात

शेजारच्या घरातली दुसरीतली मुलगी या दिवसांत सकाळी पायरीवर बसून अंक म्हणते. "चाळीस पाच, चाळीस सहा, चाळीस सात." नव्या पुस्तकात असंच आहे म्हणे. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना चार आधी, त्यात लेकरं गोंधळतात, म्हणून ही सोय. तिच्या आजोबांना ते अजिबात पटलेलं नाही. ते रोज फाटकाशी उभे राहून मला ऐकवतात, "पाहा गुर्जी, सत्तेचाळीस मेलं आता. उद्या अकराले दहा एक म्हनतीन अन् बाराले दहा दोन. तुमी काही बोला ना बाप्पा, तुमी तं गणिताचे मास्तर!"

मी हसल्यासारखं करतो आणि घरात येतो. बाहेर फाल्गुनाचं ऊन असतं. दारव्ह्याच्या या गल्लीत पळस नाही, मोहही नाही, पण परीक्षेचे दिवस आले की मला मोहफुलांचा वास येतो. तो नाकात येतो की डोक्यात, हे या वयात सांगता येत नाही. वास आला की एक पाटी डोळ्यांपुढे येते आणि पाटीवर सत्तावीस लिहिलेलं असतं. मी सांगितलेलं असतं सत्तेचाळीस.

त्या सत्तावीसबद्दल मला लिहायचं आहे. एका मुलीच्या नावापुढे मी एक खोटी नोंद केली, ती मोडायची आहे. माझं वय शहाऐंशी. आता नाही लिहिलं तर ती नोंद खरी म्हणूनच राहील.

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठचा तो हंगाम. बोरी अरबहून तीन कोसांवरच्या एका गावात मी चौथीपर्यंतच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, तर मास्तर दोघं, त्यातला मी मोठा. दुसरे तायडे मास्तर, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं, त्यांच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता. शाळेत गावातली मुलं होती, तायडे मास्तरांच्या वस्तीतली होती, आणि ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सात-आठ होती. त्यांचे आजे-पणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरलेले. आता ते ज्वारी-कापूस करत होते.

आदल्या वर्षी चौथीत एकवीसपैकी सहा मुलं पास झाली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलाला धडा वाचायला लावला. तो पान उघडायच्या आधीच घडाघडा म्हणू लागला, कारण त्याला तो पाठ होता. साहेबांनी पुस्तक उलटं धरून त्याच्यापुढे केलं, तरी तो म्हणतच राहिला. मग साहेब माझ्याकडे वळले.

"गुरुजी, ही शाळा आहे की कोंडवाडा?"

मुलं हसली. त्यांना वाटलं, साहेबांनी गंमत केली. जाताना साहेबांनी सांगितलं की पुढच्या वर्षी शेकडा ऐंशी मुलं पास झाली नाहीत, तर इथली चौथी बंद करून पोरं बोरीला पाठवू, आणि तुमच्या बदलीचं केळापूरकडे कुठेतरी बघू. माझं नुकतंच लग्न झालं होतं.

मला ते वर्ष आठवतं ते आवाजांनी. सकाळी साडेसहाला मुलं यायची, आणि वाचन पाठांतरानं नाही तर डोळ्यांनी करायचं असं आम्ही ठरवलं. कल्पना तायडे मास्तरांची होती. त्यांनी मुलांच्या हाती गेरू दिला आणि प्रत्येकाला स्वतःच्या घराच्या भिंतीवर घरातल्यांची नावं लिहायला लावली. मग वर्ग घेऊन आम्ही गल्ल्यांतून फिरायचो आणि भिंती वाचायचो. बायका दारात उभ्या राहून आपलं नाव वाचलं जातंय का बघायच्या. एक आजी चिडली होती, "माहं नाव भितीवर लिवलं, आता रस्त्यानं जानारा कोनीबी मले हाका मारीन ना रे!" पण पावसानं गेरू धुऊन गेला, तेव्हा तीच शाळेत आली. "माहं नाव पुसलं. पुन्हा लिवा."

जोडाक्षरांपाशी आमची मुलं नेहमी अडखळायची. त्यातही 'द्ध' म्हणजे भिंतच. पण तायडे मास्तरांच्या वस्तीतल्या प्रत्येक दारावर 'बुद्ध' लिहिलं गेलं होतं, आणि ते चुकून चालणार नव्हतं. एका मुलानं द खाली ध असं लांबच लांब लिहिलं, तर त्याच्या बापानं ते तीनदा पुसायला लावलं. ती मुलं 'युद्ध', 'शुद्ध' असे शब्द न थांबता वाचायला लागली. गावातल्या पाटलाच्या मुलाला ते येईना. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. जवळ बसला हे त्या काळात केवढं होतं, ते आज सांगून समजणार नाही.

वाचन सुधारलं, ते खरं सुधारलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की सगळंच खोटं होतं. कधी कधी मलाही तसं वाटतं.

गणित माझ्याकडे होतं. ते दिवसही विचित्र. वरून रोज हुकूम यायचे की आता सगळं दहात मोजायचं. मण-शेर जाणार, किलो येणार. पुस्तकं जुनी, हुकूम नवे. मी सकाळी शेर शिकवायचो आणि दुपारी किलो. मुलं माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी फळ्याकडे.

जमनी चौथीत होती. थावरू जाधवाची मुलगी, तांड्यावरून येणारी एकटीच मुलगी. अकरा वर्षांची असेल. हातात पितळी कडी, लिहिताना ती पाटीवर वाजायची. वाचनात बरी. तोंडी गणितात मात्र चमत्कारिक. मी उदाहरण घालायचो, ती क्षणभर वर छताकडे बघायची आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटून बोटं मिटायची. मग मराठीत सांगायचं झालं की घोटाळा. पाटीवर तर सगळा गोंधळ. सत्तेचाळीस सांगितलं की सत्तावीस. सत्तावीस सांगितलं की सतरा. तांड्यावरच्या दोन मुलांचंही असंच, पण ती आकडा टाकून बघायची माझ्याकडे, मान हलली की पुसायची. जमनी पुसायची नाही.

एकदा तिनं वर्गात विचारलं, "गुर्जी, सतरा अन् एक वीस सात सारखेच दिसतात. वळखाचे कसे?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो असेन. म्हणालो, "आधी पाढे पाठ कर. मग ओळख."

गणित शिकवणाऱ्या माणसाला उभ्या जन्मात एखादाच असा प्रश्न विचारला जातो. एकक-दशकाचं सगळं मर्म त्यात होतं. मी तिला पाढे पाठ करायला सांगितले.

माघात मी चाचणी घेतली. वीसपैकी चार मुलं गणितात साफ गेली. त्यातली तीन तांड्यावरची. साहेबांकडे परीक्षेला बसणाऱ्यांची यादी जायची होती. मी चार नावं चौथीतून काढून तिसरीत उतरवायचं ठरवलं. उतरवलेली मुलं मोजली जात नाहीत. सोळातली पंधरा नक्की निघणार होती.

तायडे मास्तर म्हणाले, "बाकीच्या तिघांचं राहू द्या. जमनीचं थांबा. तिचं गणित चुकत नाही सर, तिचं लिहिनं चुकते. कायतरी आहे."

"काय आहे?"

"ते मले सांगता येत नाही."

"मग साहेबांना काय सांगायचं? कायतरी आहे?"

मला त्यांच्या गप्प बसण्याचा राग आला, एवढं नक्की आठवतं.

पालकांना सांगायला हवं, म्हणून मी सायकलवर तांड्याकडे निघालो. सकाळची शाळा सुटल्यावर, अकराच्या सुमाराला. ओढा आटलेला, वाळूत सायकल हातानं ओढत न्यावी लागली. दोन्ही काठांवर पळस पेटलेला. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. थावरूच्या खळ्यात कडब्याची गंजी लागत होती. थावरू गाडीवरून पेंढ्या फेकत होता, त्याचा भाऊ वर रचत होता, आणि थावरूची म्हातारी आई बाजूला बसून मोजत होती. मोजत म्हणजे गात होती म्हटलं तरी चालेल. एकेका पेंढीला तिचा सूर पुढे सरकायचा, विसाव्या पेंढीला खाली यायचा, आणि तो खाली आला की जमनी ओच्यात एक खडा टाकायची.

गाडी रिकामी झाली. जमनीनं खडे मातीत मांडले. पाच खडे. वर तीन पेंढ्या. काडीनं तिनं मातीत लिहिलं, ५३.

"हे काय लिहिलंस?" मी विचारलं.

"पेंढ्या."

"त्रेपन्न? अगं शंभराच्या वर आहेत या."

"हो ना," ती म्हणाली. "पाच विसा तीन."

पाच विसा म्हणजे शंभर. वर तीन. एकशे तीन. तिनं पाच विसांचा पाच लिहिला आणि पुढे तीन लिहिले. दोन विसा सात म्हणजे सत्तेचाळीस, म्हणून दोन आणि सात. एक वीस सात म्हणजे सत्तावीस, म्हणून एक आणि सात, आणि सतराही तसेच. वर्षभर तिनं एकही आकडा चुकवला नव्हता. आम्ही दहाचे गठ्ठे बांधत होतो आणि तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विसाचे बांधले जात होते. तिला एवढंच सांगायचं होतं की आकड्यांत लिहिताना गठ्ठा दहाचा धरायचा. एका सकाळचं काम.

इथेच माझा गोंधळ आहे. हे मला केव्हा कळलं?

कधी वाटतं, तिथेच, खळ्यात, मातीवर वाकलेला असताना कळलं. मानेवर ऊन लागत होतं ते आठवतं आणि कळण्याचा चटका आठवतो, दोन्ही एकाच वेळचे. कधी वाटतं, नाही, तेव्हा मी फक्त 'या लोकांचं काही वेगळंच असतं' असं म्हणून सोडून दिलं, आणि परतताना ओढ्याच्या वाळूत सायकल ओढताना एकदम उजेड पडला. तिथे मी थांबलो होतो, हे पक्कं. पण दम लागला म्हणून थांबलो असेन. साठ वर्षं मी स्वतःला ओढ्याचीच आठवण सांगत आलो. कारण ओढ्यावर कळलं असेल तर खळ्यात थावरूशी जे बोललो, ते नकळत बोललो.

थावरू गाडीवरून उतरला. घाम पुसत म्हणाला, "या गुर्जी. पोरीनं काही केलं का?"

"केलं काही नाही. तिला यंदा परीक्षेला बसवत नाही. पुन्हा तिसरीत बसू दे."

"काहून?"

"कच्ची आहे. गणितात डोकं चालत नाही तिचं."

थावरूनं मुलीकडे पाहिलं, मातीतल्या खड्यांकडे पाहिलं. रागावला नाही. त्याला खरंच समजत नव्हतं.

"घरी तं चालते," तो म्हणाला.

"घरचं वेगळं, शाळेचं वेगळं," मी म्हणालो.

म्हातारीनं त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. जमनी पायानं मातीतला आकडा पुसत होती. पाटीवर न पुसणारी मुलगी.

दोन्ही आठवणींत, खळ्यातल्या आणि ओढ्यातल्या, माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे जातो. बराच काळ मी म्हणायचो की यादी तोवर गेली होती, काही करता येण्यासारखं नव्हतं. पण मग हात खिशाकडे का जातो? यादी खिशात होती. चौघांची नावं खोडलेली, दुसऱ्या दिवशी बोरीच्या टपालात टाकायची. खोडलेलं नाव पुन्हा लिहायला दौत लागली असती, आणि तायडे मास्तरांना 'तुमचं बरोबर होतं' म्हणायला लागलं असतं. यातलं जड कोणतं होतं, तेही आज सांगता येत नाही. परीक्षेला बारा दिवस होते. बारा दिवसांत मी तिला शिकवू शकलो असतो का? शकलो असतो. पण गणितात ती जर तरीही पडली असती तर? हे तर-तर करत मी यादी टाकली.

सोळातली पंधरा पास झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. केळापूरचा विषय निघाला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तांड्यावरची दोन्ही मुलं तिसरीत येऊन बसली. जमनी आली नाही. आठवड्यानं, पंधरवड्यानंही आली नाही. मी निरोप पाठवला नाही. पट तपासायची वेळ आली तेव्हा तिच्या नावापुढे शेरा लिहिला: "पालक शिक्षणाबाबत उदासीन. नाव कमी." तेव्हा हा शेरा आम्ही सर्रास लिहायचो. लिहिताना विचारही करायचो नाही. त्या दिवशी मात्र लिहायच्या आधी मी दार लोटून घेतलं होतं, आणि हे मी विसरलेलो नाही.

मग मी काय केलं? ज्वारी पेरून झाली आणि मी पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या जमवल्या. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, आणि दोन-दोन जुड्या एकत्र बांधून विसा केला. तांड्यावरच्या मुलांना म्हटलं, विसा सोडा, आत काय आहे बघा. दोन दहा. सात विसा म्हणजे चौदा दहा. ती दोन्ही मुलं आठ दिवसांत सरळ लिहायला लागली. त्यांच्या मागून गावातलीही, कारण गावातल्या म्हाताऱ्याही विसानंच मोजायच्या, हे आमच्या तेव्हाच लक्षात आलं. दोन वर्षांत आमची शाळा आसपासच्या गावांत गणितासाठी नावाजली. साहेब दुसऱ्या मास्तरांना घेऊन काड्या बघायला यायचे. फुलसावंगीकडून दोघं मास्तर मुक्कामाला आले होते. शिक्षकांच्या सभांतून मला बोलायला लावत. मी उभा राहून सांगायचो, "मुलांच्या चुका नीट पाहताना एकदा माझ्या लक्षात आलं..." नाव कधी घेतलं नाही. तायडे मास्तर समोर बसलेले असायचे. एकदाही त्यांनी मान वर केली नाही, आणि खालीही घातली नाही. ते वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सुधारणा खरी होती. पुढच्या कित्येक मुलांना त्या काड्यांनी तारलं. मग त्या एका मुलीचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. मीच म्हणालो आहे, पुष्कळदा. हिशेब जुळत नाही. कोणत्याही गठ्ठ्यात मोजला तरी.

परवा शेजारची मुलगी 'चाळीस सात' म्हणाली आणि मला राहवलं नाही. नातवाला गाडी काढायला लावली. तांडा आता ओळखू येत नाही, सिमेंटचा रस्ता, दारोदार मोटरसायकली. जमनी शेजारच्या तांड्यात दिली होती. नवरा गेल्यावर भावाकडे परतलेली, मुलगा-सून इथेच. खाटेवर बसली होती. हातात कडी नव्हती. मी नाव सांगितलं.

"गुर्जी!" ती खाटेवरून उठायला लागली. "जित्ते हा का तुमी अजून? म्या तं समजून राह्यलती का गेले कवाचेच."

सून हसली. पाणी आलं, चहा आला. मी तिला सगळं सांगितलं. पाच खडे, त्रेपन्न, यादी, शेरा, काड्या. सांगताना क्रम चुकला, मागे जावं लागलं, पुन्हा पुढे. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "खळं आठोते. पळस आठोते. परीक्षेचं नाही आठोत."

"तुझं बरोबर होतं, जमनी," मी म्हणालो. "सगळं बरोबर होतं."

तिनं कप खाटेखाली सरकवला. सूनच म्हणाली, "आमच्या सासूबाई कदीच मोजत नाहीत काही. लग्नात ताटं मोजाची असो का पेंढ्या. म्हनतात, मले येत नाही, तूच मोज."

"येत नाही असंच वाटे," जमनी म्हणाली. "मोठ्या दादीनंतर पेंढ्या मलेच मोजाच्या होत्या. म्या नाही मोजल्या. चुकलं तं लोक हसतीन." मग ती माझ्याकडे वळली. "अन् बाप? बाप माहा मरेपर्यंत सांगत राह्यला का गुर्जीचा काही दोष नाही, गुर्जी लय चांगला माणूस, आमचीच पोरगी कच्ची निंघाली. कोनी शाळेले नावं ठेवली तं भांडे त्याच्याशी. तुमी काय लिवलं म्हनता त्याच्या नावानं?"

मी शेरा पुन्हा सांगितला. उदासीन म्हणजे काय, ते तिनं विचारलं. मला सोपा शब्द सापडेना. शेवटी म्हणालो, "त्याला पोरीच्या शिक्षणाची पर्वा नव्हती, असं."

जमनी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. दारात जाऊन हाका मारायला लागली. मुलाला, पुतण्याला, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या चुलतभावाला. "इकडे या रे सारे. गुर्जी काय सांगून राह्यले, आयका." माणसं जमली. लेकरं जमली. नातू माझ्याकडे बघत होता, काय चाललंय ते त्याला कळेना. मला तरी कुठे कळत होतं.

"सांगा गुर्जी. माह्या बापाचं नाव घेऊन सांगा."

मी उभा राहिलो. वर्गात उभं केल्यासारखा. म्हणालो, "थावरू जाधवांची मुलगी जमनी, हिचं गणित बरोबर होतं. थावरूला तिला शिकवायचं होतं. ती शाळेतून गेली ती माझ्यामुळे. मी लिहिलं ते खोटं होतं."

माझा आवाज आता फार फुटत नाही. चुलतभावानं कानामागे हात धरला. "काय म्हनून राह्यले मास्तर?"

"मोठ्यानं सांगा, गुर्जी," जमनी म्हणाली. "तिकडच्या घराले ऐकू नाही गेलं."